क्रिप्टॉन नुसता पाहुणा, की घरात लुडबूड करणारा?

प्रश्न एका पीएचडीच्या विद्यार्थ्याचा आहे. सोन्याच्या चार अणूंच्या क्लस्टरचा, म्हणजे पुंजक्याचा, अवरक्त वर्णपट त्याने डीएफटीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रेणूंचे गुणधर्म काढणारं संगणकी गणित) काढला: एक रचना समभुज चौकोनाची, दुसरी इंग्रजी वाय अक्षरासारखी. प्रयोगातला वर्णपट मात्र क्रिप्टॉन या राजवायूचा (सहसा कुणाशी बंध न करणाऱ्या वायूचा) अणू चिकटलेल्या क्लस्टरचा आहे. दोन्ही रचना त्याच्याशी जुळत नाहीत. एक शिखर सरकलेलं आहे आणि एक चक्क जास्तीचं आहे. मार्गदर्शकांचं म्हणणं, 'क्रिप्टॉन फक्त निरोप्या आहे, त्याला गणितातून वगळ.' मग वगळू का? घेतला तर फंक्शनल (डीएफटीत ऊर्जेसाठी वापरायचं सूत्र) कुठलं वापरू? आणि घेऊन पाहिला तर एक काल्पनिक वारंवारिता (रचना ऊर्जेच्या तळाशी नसून खिंडीत असल्याची खूण) येतेय, तिचं काय करू?

आधी सरळ उत्तर देते. वगळू नका. चार अणूंच्या सोन्यावर तर नाहीच नाही. तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं मोठ्या क्लस्टरना बरंचसं लागू पडतं आणि बहुधा त्यांचा अनुभवही तिथलाच असेल. लहानांवर गोष्ट वेगळी का होते ते कळलं की तुमचे उरलेले दोन प्रश्न अर्धेअधिक सुटतात.

क्रिप्टॉन तिथे आला कसा, ते डोळ्यांसमोर आणा. सोन्याच्या कांडीवर लेझरचा झटका मारायचा, उडालेली वाफ हीलियमच्या झोतात थंड करायची आणि त्या हीलियममध्ये चिमूटभर क्रिप्टॉन मिसळायचा. उगम द्रव नायट्रोजनने गार ठेवतात, त्यामुळे क्लस्टर साधारण १०० केल्विनला येतात आणि काहींवर एखाददुसरा क्रिप्टॉन बसतो. मग हा झोत निर्वातात सुटतो. त्यात क्लस्टर इतके विरळ असतात की आरपार प्रकाश पाठवून 'किती शोषला गेला' हे मोजण्यात अर्थच नाही. म्हणून उलटी युक्ती करतात. क्लस्टरने फोटॉन गिळले की तो तापतो, क्रिप्टॉन निसटतो आणि वस्तुमानमापकात त्या वस्तुमानाचा संकेत घटतो. लेझरची वारंवारिता थोडी थोडी बदलत न्यायची आणि घट कुठे होते ते टिपत जायचं. क्रिप्टॉन उडाला की निरोप पोचला.

फोटॉन एक पुरत नाही, हे विसरू नका. सोने-२० चं (म्हणजे वीस अणूंच्या सोन्याच्या क्लस्टरचं) सर्वांत ठळक शिखर १४८ वेव्हनंबरला आहे (वेव्हनंबर म्हणजे एका सेंटिमीटरात बसणाऱ्या लहरी, ८०६५ वेव्हनंबर झाले की एक इलेक्ट्रॉनव्होल्ट). म्हणजे फोटॉनमागे जेमतेम ०.०१८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. क्रिप्टॉनचा बंध ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरला, तर हिशेबाने पाच-सहा फोटॉन लागतात. क्लस्टरमध्ये आधीची थोडी ऊब असते, तेवढी सूट. इतक्या लांबच्या अवरक्तात इतका दणकट प्रकाश देणारी यंत्रं जगात मोजकीच आहेत. त्यातला नेदरलँड्समधला फेलिक्स हा फ्री-इलेक्ट्रॉन लेझर या क्षेत्राचं जणू माहेर. आधी तो न्यूवेगाइनला होता, आता नाइमेखनला रॅडबाउड विद्यापीठात आहे. २००८ साली सोने-७, सोने-१९ आणि सोने-२० यांच्या रचना न्यूवेगाइनलाच क्रिप्टॉन लावून पक्क्या झाल्या: सात अणूंचा सपाट, वीस अणूंचा चतुष्फलक, आणि एकोणीसचा तोच चतुष्फलक पण एक टोक उडालेला. त्या कामात क्रिप्टॉन निमूटपणे निरोप्याचं काम करून गेला. 'निरोप्याकडे दुर्लक्ष करा' हा रिवाज अशा यशांमुळेच रुजला.

आता लहानांकडे या. सोने-२ घ्या. दोन सारखे अणू, मध्ये एक बंध आणि १९१ वेव्हनंबरच्या आसपास एकच कंपन. दोन्ही टोकं सारखी असल्यामुळे ताणताना-दबताना द्विध्रुव (भाराचा एका बाजूला झुकाव) बदलत नाही आणि हे कंपन अवरक्तात दिसतच नाही. आता एका टोकाला क्रिप्टॉन बसवा. एका टोकाला शेजारी आहे, दुसऱ्याला नाही, सममिती गेली. क्रिप्टॉनचे इलेक्ट्रॉन थोडे सोन्याकडे सरकले, त्यामुळे बंध ताणला की भारही हलतो. जे कंपन कधीच दिसलं नसतं, तेच आता उजळतं. नुसत्या सोने-२ चा वर्णपट काढून तुम्ही 'इथे काहीच नाही' असं लिहिलं असतं आणि प्रयोगात शिखर पाहून डोकं धरून बसला असता. तुमचं जास्तीचं शिखर याच जातीचं असावं असा माझा दाट संशय आहे. समभुज चौकोनात केंद्रसममिती असते (केंद्रापलीकडे प्रत्येक अणूला जोडीदार), म्हणून त्याची अर्धी कंपनं अवरक्तात मुकी असतात. एका कोपऱ्यावर क्रिप्टॉन आला की त्यातली काही बोलू लागतात. तुमच्या मोकळ्या चौकोनाच्या यादीत शून्य तीव्रतेची कंपनं कुठे आहेत ते आजच बघा. जास्तीचं शिखर त्यातल्या एखाद्याच्या जवळ निघालं, तर निम्मं कोडं तिथेच सुटलं.

बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतल्या गटाने २०१३ साली हाच प्रश्न नीट धसास लावला: सोने-३, ४ आणि ७ यांवर क्रिप्टॉन, १०० केल्विनचा प्रयोग, आणि सोबतीला त्याच तापमानाचं आण्विक गतिकीचं (अणूंची हालचाल पावलापावलाने चालवून पाहणारं) गणित. निष्कर्ष असा की दोन, तीन आणि चार अणूंच्या सोन्याचा वर्णपट क्रिप्टॉनमुळे बदलतो, सातच्या बाबतीत फरक नावापुरता. लहान क्लस्टरवर क्रिप्टॉन आणि सोनं यांच्यात दुबळा पण खराखुरा रासायनिक बंध तयार होतो आणि क्रिप्टॉन एका जागी ठाण मांडतो. मोठ्यावर फक्त व्हॅन डर वाल्सची (कुठल्याही दोन अणूंमधली दुबळी) ओढ उरते आणि क्रिप्टॉन क्लस्टरभोवती प्रदक्षिणा घालत हिंडतो. हिंडणारा पाहुणा कुठल्याच एका अणूला धरून बसत नाही, म्हणून तो कंपनांत फारशी ढवळाढवळ करत नाही.

सोन्याला हा नाद लागतो तो सापेक्षतावादामुळे. जड केंद्रकाभोवती वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे सोन्याची सर्वांत बाहेरची ६एस कक्षा आकसते, तिची ऊर्जा खाली येते आणि समोरच्याचे इलेक्ट्रॉन घ्यायला ती जरा जास्तच उत्सुक असते. हेलसिंकीच्या पेक्का प्यूक्को यांनी १९९५ मध्ये गणिताने सांगितलं होतं की सोन्याच्या धन आयनाशी जड राजवायू चांगलाच बंध करतील. तीन वर्षांत सोनं-झेनॉन आयन वस्तुमानमापकात दिसला. २००० साली तर एका सोन्याभोवती चार झेनॉन असलेला आयन घन स्फटिकात सापडला. आपल्याकडे मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातही राजवायू आणि सोनं यांच्या बंधांवर बरंच गणिती काम झालं आहे. ते चाळा. 'निष्क्रिय' हा शब्द शाळेच्या पुस्तकातून डोक्यात किती घट्ट बसलाय, ते कळेल.

सोनं सोडून इतर धातूंचं म्हणाल, तर तिथे बहुतेक वेळा दुसरीच यंत्रणा असते. कोबाल्टच्या धन आयनांवर ऑरगॉन (हाही राजवायूच) बसवलेले प्रयोग आणि त्यांवरचं २००९ चं गणित बघा. व्हॅनेडियम, नायोबियम, टँटलमच्या आयनांवर ऑरगॉन निरुपद्रवी ठरला होता. कोबाल्टवर मात्र ऑरगॉन एक आहे की दोन, त्यावर वर्णपट बदलत होता, आणि क्लस्टर जितका लहान तितका जास्त. कारण बऱ्याच अंशी साध्या स्थिरविद्युताचं निघालं. धन भार समोर असला की ऑरगॉनचा ढग त्याच्याकडे झुकतो. त्या ओढीची ऊर्जा ध्रुवणक्षमतेच्या (ढग किती सहज झुकतो त्याचं माप) पटीत आणि अंतराच्या चौथ्या घाताच्या उलट पटीत असते. ऑरगॉनची ध्रुवणक्षमता १.६४ घन ऑंगस्ट्रॉम (ऑंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). पूर्ण एक धन भार २.५ ऑंगस्ट्रॉमवर असेल तर ऊर्जा ०.३० इलेक्ट्रॉनव्होल्ट, ३ ऑंगस्ट्रॉमवर ०.१५. अंतर वीस टक्के वाढलं की निम्मी. हे आकडे तुम्ही कागदावर दोन ओळींत काढू शकता आणि काढाच. संगणकाने ०.६ सांगितलं तर कुठेतरी पाणी मुरतंय हे तेव्हाच समजेल. क्लस्टर मोठा झाला की भार पसरतो, प्रत्येक कोपऱ्यावरचा वाटा कमी होतो आणि ओढ सैल पडते. क्रिप्टॉनची ध्रुवणक्षमता २.४८ आणि झेनॉनची ४.०४, त्यामुळे निरोप्या बदलला की त्याचा आगाऊपणाही बदलतो. निऑन (०.४०) सर्वांत सालस, पण तो बसवायला उगम फारच गार लागतो.

फंक्शनलबद्दल लोक एकच नाव मागतात. ते देणार नाही, कारण इथे एकाच बंधात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इलेक्ट्रॉन सरकण्याचा भाग पीबीईसारखी फंक्शनल पकडतात, थोडा जास्तच पकडतात. दूरवरून लागणारी व्हॅन डर वाल्सची ओढ मात्र त्यांच्यात मुळातच नाही. ऑरगॉनचे दोन अणू समोरासमोर ठेवून पाहा: खरी विहीर १२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट खोल, ३.७६ ऑंगस्ट्रॉमवर. पीबीई त्याच्या निम्म्यापर्यंत पोचतं. बी३एलवायपी या दुसऱ्या फंक्शनलला विहीर दिसतच नाही, नुसती चढण. म्हणून वर डी३ किंवा टकाचेंको-शेफ्लरसारखी दुरुस्ती लावायची. पण ती लावली की काम संपलं असं नाही. एक म्हणजे, जवळच्या अंतरावर पीबीईने आधीच दिलेली ओढ आणि दुरुस्तीची ओढ यांची दुबार मोजणी होऊ शकते. दुसरं, धातूतले इलेक्ट्रॉन एकमेकांना झाकतात. घन सोन्यातल्या अणूचा सी-६ गुणांक (व्हॅन डर वाल्सच्या ओढीचं माप) सुट्या अणूच्या निम्म्याहूनही कमी भरतो. चार अणूंचा क्लस्टर ना सुटा, ना घन. तिथे दुरुस्तीचा आकडा कुठला धरायचा, हे कुणी तुम्हाला तयार देणार नाही. म्हणून खुंटी स्वतःच ठोकायची: सोने-२ आणि एक क्रिप्टॉन, सीसीएसडी(टी) (डीएफटीहून अचूक पण महागडी पद्धत), मोठा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या फलनांचा संच), बॉइज-बर्नार्डी पद्धतीने काउंटरपॉइज दुरुस्ती (एकमेकांची फलनं उसनी घेतल्याने आलेली चूक काढणारी). अंतर बदलत दहा-बारा बिंदू काढा. मग तुमच्या तीन-चार फंक्शनलचे आलेख त्यावर टाका. जे खोली आणि अंतर दोन्हींत जवळ येतं, ते घ्या. हे काम दोन-तीन दिवसांचं आहे आणि परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतो.

बेसिस सेटबद्दल थोडक्यात. सोन्याला ६० इलेक्ट्रॉन गाभ्यात धरणारं स्टुटगार्टचं आभासी विभव चालतं, बाहेर १९ इलेक्ट्रॉन राहतात. कंजुषी लोक क्रिप्टॉनवर करतात. त्याचा ढग ढिला आहे, म्हणून विसरित (दूरवर पसरलेली) फलनं त्याच्यावरच हवीत. नाहीतर तो सोन्याची फलनं उसनी घेऊन खोटीच जवळीक दाखवतो. सोने-३ आणि सोने-७ मध्ये एक इलेक्ट्रॉन सुटा असतो, तिथे तरंगफलन स्थिर आहे का ते तपासा. तुमच्या सोने-४ ला ती भानगड नाही.

आता ती काल्पनिक वारंवारिता. सुरुवातीच्या काळात एका धातूच्या क्लस्टरवर मी ऑरगॉन बसवून पाहत होते. रचना छान स्थिरावली, ऊर्जा ठीक, आणि वारंवारितांच्या यादीत सगळ्यात वर उणे ११. म्हटलं, ऑरगॉन खिंडीत बसलाय. त्या कंपनाच्या दिशेने त्याला ढकललं, पुन्हा स्थिरावलं: उणे ९. परत ढकललं: उणे १४. असे दोन आठवडे गेले. वहीत ऑरगॉनच्या सात 'वेगवेगळ्या' जागा नोंदवल्या होत्या आणि त्या सातांच्या ऊर्जेत तिसऱ्या दशांशापर्यंत फरक नव्हता. शेवटी एका सीनिअरने माझी इनपुट फाइल वाचली आणि विचारलं, 'ग्रिड डीफॉल्ट ठेवलंय का?' ग्रिड (ज्या बिंदूंवर आकडेमोड होते ती जाळी) दोन पायऱ्या बारीक केलं, स्थिरावण्याच्या अटी कडक केल्या, आणि उणे ११ चं अधिक १८ झालं. ऑरगॉन जागचा हलला नव्हता. पृष्ठभाग तिथे इतका सपाट होता की संख्यात्मक आकडेमोडीचे खड्डेच मला खिंडी वाटत होते. तेव्हा तुम्ही आधी ग्रिड बारीक करा आणि मगच क्रिप्टॉनला ढकला. दोन्ही करूनही काल्पनिक राहिली तर ती खरी खिंड. शेजारचा कोपरा किंवा कड तपासा.

कोपरे आणि कडा तपासताना अंदाधुंद अणू शिंपडण्यापेक्षा क्लस्टरचं स्थिरविद्युत विभव (जागोजागी धन-ऋण भार किती जाणवतो त्याचा नकाशा) आधी काढा. पुण्यात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रेणूंच्या या विभवाची चढउतारं वाचायची जी पद्धत बसवली, ती इथे फार कामाची आहे. विभव जिथे जास्त धन, तिथे क्रिप्टॉनचा डोळा. लहान सोन्यावर अशा जागा बहुधा कोपऱ्यांवर, बंधाच्या सरळ रेषेत पुढे असतात.

वर्णपटाकडे वळू. तुम्ही हार्मोनिक (बंधाला आदर्श स्प्रिंग मानून काढलेल्या) वारंवारिता काढून त्यांना ०.९६ ने गुणलंत, असं प्रश्नात लिहिलं आहे. तो गुणक काढून टाका. तो सेंद्रिय रेणूंच्या कंपनांवरून ठरवलेला आहे. सोन्याच्या दीडशे-दोनशे वेव्हनंबरच्या कंपनांशी त्याचा काही संबंध नाही. खरी अडचण वेगळीच आहे. १०० केल्विनला उष्णतेची ऊर्जा सुमारे ७० वेव्हनंबर होते. क्रिप्टॉनच्या हालचाली बऱ्याचशा याच्या खाली असतात, काही वीस-तीसच्या घरात. म्हणजे प्रयोगातला क्रिप्टॉन तळाशी शांत बसलेला नाही; तो विहिरीच्या बऱ्याच वर, डुलत असतो. हार्मोनिक गणित विहिरीचा फक्त तळ बघतं. बर्लिनच्या गणितातही १०० केल्विनलाच शिखरं रुंदावलेली, खाली सरकलेली आणि काही फुटलेली दिसली.

म्हणून गतिकी चालवा. १०० केल्विनला थर्मोस्टॅट लावून आधी वेगवेगळे प्रारंभबिंदू गोळा करायचे, मग थर्मोस्टॅट काढून प्रत्येकापासून ऊर्जा स्थिर ठेवणारा मार्ग चालवायचा, द्विध्रुव दर पावलाला नोंदवायचा आणि त्याच्या स्वसहसंबंधाचं (तो स्वतःच्याच आधीच्या मूल्यांशी किती जुळतो त्याचं) फूरिए रूपांतर करायचं, म्हणजे त्यातल्या वारंवारिता वेगळ्या काढायच्या. थर्मोस्टॅट तसाच ठेवलात तर त्याचे धक्के शिखरांत उतरतात. १९१ वेव्हनंबरच्या कंपनाचा काळ सुमारे १७५ फेमटोसेकंद, त्यामुळे पाऊल ५ फेमटोसेकंदांचं चालेल. मार्ग १० पिकोसेकंदांचा असेल तर वर्णपटाची बारकाई ३.३ वेव्हनंबर, त्याहून जवळची शिखरं वेगळी दिसणार नाहीत. असे वीस मार्ग म्हणजे चाळीस हजार पावलं. पाच अणूंसाठी हे तुमच्या विभागाच्या छोट्या क्लस्टरवरही होईल (हा क्लस्टर संगणकांचा). एकच दक्षता: प्रत्येक पावलाला इलेक्ट्रॉनिक गणित कडक अटीने पूर्ण करा. नाहीतर एकूण ऊर्जा हळूहळू घसरते आणि दहा पिकोसेकंदांनंतर तुमचा क्लस्टर १०० केल्विनचा राहिलेला नसतो.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा उमगली. प्रयोगात फक्त तेच क्लस्टर दिसतात ज्यांच्यावर क्रिप्टॉन बसला. चौकोन आणि वाय यांच्या ऊर्जेत फरक किरकोळ आहे. समजा क्रिप्टॉन एकाला ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टने जास्त घट्ट धरतो. मग क्रिप्टॉनसकटच्या ऊर्जांचा क्रम मोकळ्या क्लस्टरच्या क्रमापेक्षा उलटाही होऊ शकतो. शिवाय क्रिप्टॉन न धरणारी रचना झोतात भरपूर असली तरी तुमच्या वर्णपटात तिचं नावही नसेल. निरोप्या सगळ्यांच्या घरी जातो असं आपण धरून चालतो. हा मात्र आवडीच्या दारांवरच थाप मारतो. तेव्हा 'प्रयोगात चौकोन दिसला, म्हणून सोने-४ ची सर्वांत स्थिर रचना चौकोन' हे वाक्य लिहायच्या आधी दोन्ही रचनांवरच्या क्रिप्टॉनच्या बंधऊर्जा शेजारी मांडा.

तीव्रतेबद्दल फार खोलात जात नाही. घट हे शोषणाचं थेट माप नाही आणि दोन क्रिप्टॉनवाला क्लस्टर एक गमावून एक-क्रिप्टॉनच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे एक-क्रिप्टॉनच्या वर्णपटात उंचीवर भरवसा ठेवू नका, जागेवर ठेवा.

राहिला प्रश्न मार्गदर्शकांना पटवण्याचा. त्यासाठी गणित लागणारच नाही. प्रयोग करणाऱ्या गटाकडे सोने-४ चा दोन क्रिप्टॉनवाला वर्णपट मागून घ्या. एकाच मोजणीत तो त्यांच्याकडे आपोआप आलेला असतो. एक-क्रिप्टॉन आणि दोन-क्रिप्टॉन एकाच कागदावर छापा आणि तुमच्या जास्तीच्या शिखरावर पेन्सिलीने उभी रेघ मारा. ते शिखर दुसऱ्या आलेखात रेघेवरून हललं असेल, तर कागद त्यांच्या टेबलावर ठेवा आणि काही बोलू नका.